खोट्या राक्षसालाही दाद द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मुद्दाम स्वस्तात आणि भडक काढलेल्या विज्ञान-भयपटाला 'राक्षस खोटा वाटतो' म्हणत एक तारा देऊन मोकळं व्हायची रीत थांबायला हवी. तो खोटा दिसावा म्हणूनच तिथे मेहनत घेतलेली असते. ती जमली का, हे परीक्षणात यावं.

१९५८च्या 'द ब्लॉब'मधला माणसं गिळणारा लाल गोळा म्हणजे रंगवलेलं सिलिकॉन. एका दृश्यात तर उपाहारगृहाचा फोटोच टेबलावर लावून त्यावर गोळा सोडला होता आणि कॅमेरा त्याच टेबलाला जखडला होता. टेबल कललं की गोळा ओघळतो, पण कॅमेराही सोबत कलल्यामुळे पडद्यावर इमारत सरळच दिसते आणि गोळा आपल्या मर्जीने चालल्यासारखा वाटतो. हे घरी मोबाइलवरही जमतं. ६० ग्रॅम कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून लिटरभर पाण्यात शिजवा, खायचा लाल रंग घाला आणि कोमट असतानाच वापरा. गार झाली की खळ थिजते, मग गोळा सरकत नाही, वडीसारखा तुटून पडतो.

इमारतीची प्रतिकृती खऱ्याच्या सोळाव्या हिश्शाची असेल, तर ती कमी उंचीवरून, म्हणून लवकर कोसळते. पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो आणि सोळाचं वर्गमूळ चार, म्हणजे ती चौपट लवकर पडते. म्हणून सेकंदाला २४ऐवजी ९६ फ्रेम घेऊन त्या नेहमीच्या २४च्या वेगाने दाखवल्या की पडणं खरं वाटतं. २४वरच ठेवलं तर पत्त्यांचा बंगला. जाणता दिग्दर्शक तो तसाच पडू देतो आणि हशा तिथेच पिकतो!

माती होते ती नटामुळे. भोपळ्याएवढा डोळा अंगावर येत असताना तोच हसू दाबत असेल, तर प्रेक्षकाला हसायला काय उरलं? त्याने जिवाच्या आकांतानेच किंचाळायला हवं. शिवाय ऐंशी मिनिटांपुढे ही गंमत ताणू नये.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, बांबू, कागद नि कापडाचे बडगे, म्हणजे वाईट गोष्टींचे पुतळे, मिरवत 'घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडणाऱ्या नागपूरकरांना हे वेगळं सांगायला नको. काळ्या-पिवळ्या मारबतीचे पुतळे हुबेहूब दिसतात म्हणून का इतवारीत गर्दी होते? तान्ह्या पोळ्याच्या रात्रीचा शेवटचा खेळ इथल्या एखाद्या थिएटरने अशा सिनेमाला द्यावा. एकट्याने मोबाइलवर पाहून त्याची अर्धी मजाही येत नाही. परीक्षकांनीही त्या गर्दीत बसून तो पाहावा आणि राक्षस कशाचा बनवला होता, तेवढं जरूर लिहावं.

आपले,
काही चित्रपटप्रेमी, नागपूर