रहबामाचे तीन दिवस

चि. एस्तेर हिला पप्पांचा सप्रेम सलाम.

तू सरपंच, म्हणून येत्या ग्रामसभेत लोक तुझ्याकडे पाणीपट्टी कमी करा म्हणून येणार, असं तू फोनवर म्हणालीस. मम्मीने लगेच सांगितलं, शलमोनासारखं शहाणपण माग. माग जरूर. मला मात्र तेव्हा बायबलमधल्या त्या शहाण्या राजाचा मुलगा, रहबाम, आठवला.

एकाच बाळावर हक्क सांगणाऱ्या दोन आयांचा शलमोनाने केलेला निवाडा आपण सगळे संडे स्कूलमध्ये शिकलो. त्याच शलमोनाच्या घरी रोज 30 बैल आणि 100 मेंढरं लागत, आणि राज्यातले 12 कारभारी एकेक महिना वाटून घेऊन हा पुरवठा करत, हे तिथे कुणी शिकवलं नाही. लबानोनात देवदाराच्या लाकडासाठी 30,000 माणसं वेठीला धरलेली होती, दर महिन्याला 10,000ची पाळी.

तो वारल्यावर लोक शखेम नगरात जमले आणि रहबामाला म्हणाले, तुझ्या बापाने घातलेलं जू हलकं कर, आम्ही तुझी चाकरी करू. रहबामाने तीन दिवस मागून घेतले. इथवर त्याचं काही चुकलं नाही. वडीलधाऱ्यांना विचारलं, ते म्हणाले, आज यांचा सेवक हो, गोड बोल, म्हणजे हे कायमचे तुझे. (मला तर या सल्ल्यातही थोडा धूर्तपणा दिसतो. जू नेमकं किती हलकं करायचं, ते कुणीच बोललं नाही.) मग सवंगड्यांना विचारलं. त्यांनी शिकवलं ते तुला पाठच आहे: माझी करंगळी बापाच्या कमरेहून जाड, त्याने चाबकांनी मारलं, मी विंचवांनी मारीन.

उपदेशात याला हमखास तरुणांचा अविचार म्हणतात. अगं, रहबाम तेव्हा 41 वर्षांचा होता! त्याच्याबरोबर वाढलेले ते सवंगडीही काही पोरसवदा नसणार. माझ्या मते अडचण वयाची नव्हतीच. राजपुत्राबरोबर वाढलेल्या त्या मंडळींच्या मानेवर ते जू कधी आलंच नसावं. आणि पुढे लोक उठून गेल्यावर त्याने त्यांच्याकडे पाठवलं कुणाला, तर वेठीवरच्या अधिकाऱ्यालाच, अदोरामाला. लोकांनी त्याला दगडमार करून मारलं. इस्राएलचे दहा वंश त्याच्या हातून गेले ते गेलेच.

बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा 5वा अध्याय मात्र रात्री निवांत वाच. यरुशलेमेत गरिबांनी शेतं, घरं गहाण टाकली होती, पोरं गुलामीत दिली होती, आणि सावकार त्यांचेच भाऊबंद. ऐकून तिथला अधिपती नहेम्या संतापला. पण आधी स्वतःच्या मनाशी विचार केला, मग बड्या लोकांना तोंडावर जाब विचारला, भरसभेत. मी आणि माझी माणसंही पैसा-धान्य उसनं देतो, हेही तिथेच बोलून टाकलं. शेतं परत करू असं ते म्हणाले, तेवढ्यावर त्याने विश्वास ठेवला नाही. याजकांना बोलावून शपथ घ्यायला लावली. अधिपती म्हणून 12 वर्षं त्याने आपला भत्ता उचलला नाही. त्याच्या पंगतीला 150 माणसं असत, रोज एक बैल आणि सहा मेंढरं. देवाचं भय आहे आणि लोकांवर आधीच भार आहे, ही कारणं त्याने दिली. शलमोनाचे 30 बैल आठवून बघ.

आता तुझं. पट्टी सरसकट माफ केलीस तर टाळ्या पडतील, पण मोटारीचं वीजबिल आणि नळ सोडणाऱ्याचा पगार कुठून देणार, तेही त्याच सभेत सांगावं लागेल. त्याआधी ज्या वस्तीला पाणी सगळ्यात शेवटी पोचतं, तिथे पाणी सुटायच्या वेळी जाऊन ये. ग्रामसेवकांना बरोबर घे, नुसतं त्यांच्या तोंडून ऐकू नकोस. निर्णय होईल तो त्याच दिवशी ठरावात लिहून घे. आणि थकबाकीची यादी आधी स्वतः वाच. तीत सदस्यांची नावं किती आहेत ते बघ, आणि आपल्या घरची पट्टी भरली आहे का, हे सासऱ्यांना आजच विचार. रागावले तर माझं नाव सांग.

नाताळला दोघं येणार का, मम्मी विचारते आहे.

तुझे
पप्पा