गोष्ट रचायच्या खेळाला एक टेबल द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्टीत काय करावं यावर तुमच्या पुरवणीत बरंच छापून येतं पण एका छंदाचं नाव त्यात कधीच दिसत नाही म्हणून हे पत्र. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक पात्र, गेममास्टर प्रसंग सांगतो, बाकीचे आपलं पात्र काय करतं ते सांगतात आणि जमलं की फसलं हे फासे ठरवतात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डन्जन्स अँड ड्रॅगन्स आला, तिथून हे सुरू झालं.

कॉलेजात आम्ही खूप खेळायचो, मग नोकरी, लग्न, ईएमआय, सगळं सुटलं. आता परत सुरू केलंय आणि या वेळी मराठीत. आमची गोष्ट गोंड राजांच्या काळातल्या एका किल्ल्यावर घडते. परवा दारावरच्या पहारेकऱ्याला पटवून आत शिरायचं होतं, तर आमचा बँकेतला मित्र, जो एरवी चार शब्द बोलत नाही, तो वैदू झाला आणि "काहून अडवून राह्यले जी, आतमंदी राणीसाहेबाचं लेकरू तापानं फणफणून राह्यलं" असं जे सुरू झाला की आम्ही बघतच राह्यलो. वीस बाजूंचा फासा टाकला, तीन आले. पहारेकऱ्यानं घंटा बडवली अन् सगळे संत्र्याच्या बागेतून पळत सुटले! हे कोणीच आधी ठरवलं नव्हतं, आणि मला यातलं हेच सगळ्यात आवडतं.

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, लोक रात्र रात्र नाटक बघतात, दंडारीसारखं लोकनाट्य बघतात, त्या मातीत हा खेळ रुजायला काय अडचण आहे? फासे म्हटलं की घरच्यांना जुगार आठवतो, पण यात पैसा लावतच नाहीत आणि एकमेकांना हरवायचंही नसतं. खर्चही फार नाही, डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली फुकट आहेत. फक्त ते इंग्रजीत आहेत, मराठीत कोणीतरी नीट लिहायला हवेत, आमचा ग्रुप त्यासाठी बसायला तयार आहे.

अडतं ते जागेवर. कॅफेत तीन-चार तास कोण बसू देणार आणि घरी पोरांच्या परीक्षा असतात. नागपुरात वस्तीवस्तीत समाजभवनं आहेत, वाचनालयं आहेत, त्यांनी रविवारी संध्याकाळी एक टेबल आणि सहा खुर्च्या दिल्या तरी पुरे, झाडझूड आम्ही करू. महापालिकेनं आणि वाचनालयांच्या मंडळींनी यावर विचार करावा ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, नागपूर