'कोणीही या' म्हणता, मग शेवटच्यासाठी थांबा की!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लिहायचं कारण म्हणजे ग्रुप सायकल राईडच्या त्या छोट्या सूचना, ज्या पेपरात कुठेतरी कोपऱ्यात येतात. 'गप्पा मारत आरामात राईड, गावाकडचे शांत रस्ते, कोणीही या.' वाचून बरं वाटतं, माणूस टायरमध्ये हवा भरून, चेनला तेल घालून वेळेवर पोचतो पण, आणि अर्ध्या तासात त्याच्या लक्षात येतं की इथे छुपी रेस चालूये, पुढचे चार-पाच जण केव्हाच वळणाआड गेलेत आणि आपण एकटेच पॅडल मारतोय. अहो, एकट्यानेच फिरायचं होतं तर ग्रुपमध्ये कशाला आलो असतो?

मी बरीच वर्षं अशा राईडना जातोय, कधी पुढे असतो, बऱ्याचदा मागे. मागून जे दिसतं ते सांगतो, कारण पुढच्यांना ते दिसतच नाही, त्यांची मान वळत नाही.

सगळ्यात चीड आणणारा प्रकार चढाच्या माथ्यावर होतो. पुढचे आधी पोचतात, पाणी पितात, फोटो काढतात, पाय मोकळे करतात. शेवटचा गडी धापा टाकत वर येतो आणि तो आला रे आला की "चला, सगळे आले, निघूया!" म्हणजे ज्याला विश्रांती नको होती त्याला दहा मिनिटं मिळाली आणि जो खरंच दमला होता त्याला एक मिनिट नाही. आणि वर हेच लोक सांगणार की आम्ही थांबतो बरं का सगळ्यांसाठी! थांबणं म्हणजे शेवटचा आल्यावर त्याचा श्वास खाली बसेपर्यंत थांबणं, इतकी साधी गोष्ट आहे.

यात थोडं हवेचं गणित पण आहे. सपाट रस्त्यावर वेग वाढला की सगळ्यात जास्त ताकद हवा कापायला जाते आणि ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 20 च्या स्पीडवरून 30 वर गेलात तर वेग दीडपट झाला, पण हवेसाठी लागणारी ताकद तिपटीहून जास्त झाली. पुढचा म्हणतो "जरासाच स्पीड वाढवला", त्या जराशाची किंमत मागचा मोजतो. आता कोणी म्हणेल की मागच्याला तर आडोसा मिळतो, त्याला सोपं जातं. बरोबर आहे, पण तो आडोसा पुढच्याच्या चाकाजवळ असेपर्यंतच. एकदा का मधे अंतर पडलं की सगळा वारा अंगावर, आणि तो बिचारा आधीच कमी ताकदीचा, मग अंतर वाढतच जातं. वळणावर तर अजून गंमत, पुढचा वळून लगेच जोर लावतो तेव्हा शेवटचा अजून ब्रेक लावून वळायचाच असतो, म्हणजे प्रत्येक वळणानंतर त्याला पळापळ करून ग्रुप गाठावा लागतो. दहा वळणं झाली की माणूस संपला. लीड करणाऱ्याने वळणानंतर मोजून थोडा वेळ हळू चालवलं तर यातलं निम्मं दुखणं कमी होतं, त्याला काही खर्च नाही. चढावर मात्र आडोशाचा फारसा उपयोग नसतो, तिथे वेग कमी आणि वजन ज्याचं त्यालाच ओढायचंय, तिथे प्रत्येकाला आपापल्या गिअरमध्ये चढू द्यावं आणि वर भेटावं, ते ठीक.

हे काही मी नवीन सांगत नाहीये. फ्रान्समध्ये 1904 पासून ऑडॅक्स नावाची लांब अंतराची सायकल चालवायची पद्धत आहे, त्यात अख्खा ग्रुप ठरलेल्या वेगाने एकत्र जातो, साधारण 22.5 किमी ताशी. वेग राखायला रोड कॅप्टन असतो आणि त्याच्या पुढे कोणी जायचं नाही. पुढे 1921 मध्ये ज्याने त्याने आपापल्या वेगाने जायचा प्रकार पण सुरू झाला, तोही मस्तच, पण तिथे आधीच सांगितलेलं असतं की बाबा तू आणि तुझी सायकल. आपल्याकडे नाव एकाचं आणि वागणं दुसऱ्याचं, घोडं अडतं ते इथेच.

आरामाच्या राईडचा वेग कसा ठरवायचा, तर सोपं आहे, शेवटच्या माणसाला न धापता एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. तो हो-नाहीवर आला की वेग जास्त झालाय. हे बघायला मागे एक अनुभवी माणूस लागतो, त्याला स्वीप म्हणतात, तो कधीच कोणाच्या पुढे जात नाही आणि पंक्चर झालं तर जास्तीची ट्यूब, टायर काढायचा लिव्हर, पंप घेऊन तोच थांबतो. माझ्या मते ग्रुपमधला सगळ्यात फिट माणूस स्वीप असावा, सगळ्यात पुढे नाही. पण हे काम कोणाला नको असतं, कारण मग राईड नोंदवणाऱ्या अ‍ॅपवर अ‍ॅव्हरेज स्पीड चांगला दिसत नाही ना! आणि दुसरं, जिथे रस्ता फुटतो तिथे एकाने उभं राहायचं, शेवटचा वळेपर्यंत. छोट्या रस्त्यांना पाट्या नसतात, फोनला रेंज नसते, चुकलेला माणूस भलत्याच गावात निघतो.

शांत रस्त्यांबद्दल पण एक सांगतो. गाड्या कमी म्हणून लोक बिनधास्त होतात, रस्ताभर पसरून गप्पा मारत जातात, आणि तेवढ्यात आंधळ्या वळणावरून ट्रॅक्टर येतो. वळणाला खडी असते, शेतातून निघालेल्या चाकांचा चिखल असतो, मधेच ढोरं रस्ता ओलांडतात. पुढच्याला हे दिसतं, मागच्याला फक्त पुढच्याची पाठ दिसते, म्हणून पुढच्याने हात करायचा, ओरडायचं "खड्डा!", "खडी!", आणि प्रत्येकाने ते मागे पोचवायचं. मागच्याने पण आपलं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसवू नये. ती चाकं घासली की पुढच्याला बहुतेक वेळा काही होत नाही, मागचा पडतो, कारण हँडल त्याचं अडकतं. नवीन माणसाला हे निघायच्या आधी सांगायला पाच मिनिटं लागतात पण सांगतं कोण.

तर संपादक साहेब, विनंती एवढीच की अशा सूचना छापताना आयोजकांकडून चार गोष्टी मागून घ्या. अंतर किती, चढ किती, थांबे धरून घरी परत यायला साधारण किती वेळ लागेल, आणि मागे स्वीप आहे का. 'कोणीही या'च्या जागेत हे आरामात बसेल. ज्यांना जोरात हाणायचंय त्यांनी तसं सरळ लिहावं, त्यात वाईट काहीच नाही, मी पण कधी कधी जाईन आणि मागे पडलो तर तक्रार करणार नाही.

आपला,
एक सायकलवाला वाचक

ता.क. रस्त्यात पायी चालणारे किंवा घोड्यावरचे कोणी दिसले तर ग्रुपने लांबूनच घंटी वाजवावी किंवा आवाज द्यावा आणि हळू व्हावं, अगदी जवळ जाऊन नाही. पंधरा सायकली एकदम आवाज न करता मागून आल्या की जनावरं बुजतात, आणि माणसं पण.