माझ्याबरोबर अख्खं गाणं नाचलेल्या ताईंना

ताई,

मागच्या वर्षी पुण्यातल्या त्या रविवारच्या साल्सा सोशलमध्ये, म्हणजे जोडीने साल्सा नाचायला सगळे जमतात तिथे, पाण्याच्या जारशेजारी, पाठीवरची सॅकही न उतरवता उभा असलेला बाप्या आठवतो का? तो मी. तासाभरात चार ग्लास पाणी प्यालो होतो. नाचलो एकदाही नव्हतो.

क्लासमध्ये सर आकडे मोजतात तोवर सगळं येतं. सोशलला मोजणार कोण? त्यात लीड करणाऱ्याची सुरुवातीला पंचाईत जरा जास्तच. ताल ऐका, पुढची स्टेप ठरवा, समोरचीला ती वेळेत कळवा, आणि शेजारच्या जोडीला कोपर लागू देऊ नका. विसर्जन मिरवणुकीत मी तासन्‌तास नाचलोय, पण तिथे कुणाचा हात आपल्या हातात नसतो.

तुम्ही समोर आलात. "मांडीवर बोटं वाजवतोयस, ठेका बरोबर आहे. काय वाजवतोस?"

"ढोल. पथकात. पण नाचातलं मला फक्त बेसिक येतं."

"मग बेसिकच करू."

आणि खरंच, चार-पाच मिनिटांचं अख्खं गाणं आपण बेसिकवर काढलं. तिसऱ्या सॉरीला तुम्ही म्हणालात, "सॉरी म्हणायला तोंड उघडलंस की पाय चुकतो." मग, "अंगठा सोड. टिपरू नाहीये ते, हात आहे माझा. बोटं नुसती टेकव." तेव्हा कळलं, मी आवळून धरत होतो.

पण खरे आभार पुढच्या वाक्यासाठी. "आकडे सोड, काँगा ऐक." काँगा म्हणजे साल्साच्या गाण्यातला, हाताने वाजवायचा उंच ढोल. साल्सात एक-दोन-तीन, पाच-सहा-सात अशी पावलं पडतात, चार आणि आठला पाऊल नसतं. मी ती जागा घाईघाईने भरून टाकायचो आणि पुढे पळायचो. तुम्ही दाखवलंत की दोनवर काँगाची कोरडी थाप पडते आणि नेमकं चारला येतं 'दुम्‌-दुम्‌'. सहाला परत थाप, आठला परत दुम्‌-दुम्‌. अहो, ढोलवाल्याला हे आधीच सांगायला काय हरकत होती क्लासमध्ये! त्या दुम्‌-दुम्‌वर थांबायला लागलो आणि खांदे आपोआप खाली आले. गाण्याच्या शेवटी एक राइट टर्नसुद्धा जमला, तुमचा हात न ओढता.

आमच्या बॅचमधल्या चौघांनी नाच सोडला. कुणीतरी 'आत्ता नको' म्हटलं, तेच मनाला लावून घेतलं. मलाही त्याच रात्री एकीने नाही म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, "पाय दुखत असतील तिचे. कारण विचारू नकोस, हसून पुढे जा." मी पुढे गेलो, आणि तिसरीने हो म्हटलं.

येत्या रविवारी पहिलं गाणं माझ्यासाठी ठेवा. रुमाल आणि दुसरा टी-शर्ट आणतोय. तेही तुम्हीच सांगितलं होतंत, कानात, बाकी कुणाला ऐकू न जाता.

तुमचा,
जारशेजारचा ढोलवाला