‘केस जिंकलो आपण!’ : केंद्रीय वाणिज्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री यांस,

सादर नमस्कार.

आपला वेळ मोलाचा आहे याची जाणीव ठेवून लिहितो. मी आयात-निर्यातीतला जाणकार नाही. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डची (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळ्यांची) आठ बाय चारची शीट आणायची, पॅनेल सॉवर कापायची, कडेला पट्टी मारायची आणि कपाट उभं करून द्यायचं, हा माझा धंदा. एकोणीस वर्षं झाली. चौदा माणसं होती, आता सहा आहेत. ती का कमी झाली ते पुढे येईलच.

पत्राचं निमित्त मंगळवारचा फोन. ज्यांच्याकडून मी बोर्ड घेतो ते आयातदार व्यापारी फोनवर अक्षरशः ओरडले, “केस जिंकलो आपण!” बोर्डांवरच्या अँटी-डंपिंग शुल्काविरुद्ध (परदेशी माल तिकडच्या भावापेक्षा स्वस्तात इथे विकला म्हणून आयातीवर लागणारं जादा शुल्क) आयातदारांनी केलेल्या अपिलात निष्कर्ष रद्द होऊन प्रकरण फेरसुनावणीला परत गेलं होतं. परत कुठे? आपल्या खात्याच्या ज्या कार्यालयाने आधी निष्कर्ष काढला, तिथेच. तरी मी आनंदाने विचारलं, माझे पैसे कधी मिळणार? पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, “तुमचे कुठले पैसे? शुल्क मी भरलंय, बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे आयातीच्या कागदावर, नाव माझं आहे.” अहो, पण ते तुम्ही माझ्या बिलातून वसूल केलंत ना! “तो बाजारभाव होता.”

म्हणजे केस जिंकलो ‘आपण’ आणि पैसे गेले माझे.

बरं, त्यांनाही ते सुखासुखी मिळत नाहीत. शुल्काचा बोजा पुढच्यावर ढकलला नाही हे आयातदाराने सिद्ध केलं तर परतावा, नाहीतर रक्कम ग्राहक कल्याण निधीत जमा. ऐकायला किती छान! माझ्याकडून वसूल झालेले पैसे ग्राहकांच्या कल्याणासाठी सरकारकडे राहणार. ग्राहक मीच होतो ना हो?

आता माझं काय झालं ते ऐका. एका संस्थेच्या वसतिगृहासाठी 240 कपाटांचं काम घेतलं होतं. दर ठरलेला, वर्क ऑर्डरवर सही झालेली, दरवाढीचं कलम नाही. एवढ्यात बोर्डांच्या आयातीचा तपास सुरू झाल्याची अधिसूचना निघाली. शुल्क लागलं नव्हतं, फक्त तपास सुरू झाला होता. आठ दिवसांत शीटचा भाव चढला. का? कारण कायद्यात सोय आहे की तपास संपण्याआधी लागणाऱ्या हंगामी शुल्काच्या 90 दिवस आधीपासूनही विशिष्ट परिस्थितीत शुल्क वसूल करता येतं. व्यापारी घाबरतो आणि आपली भीती माझ्या बिलात घालतो. देशी कारखान्याला तर कसलीच भीती नव्हती, तरी त्यानेही त्याच आठवड्यात नवी दरपत्रिका पाठवली. कपाटाला अडीच शीट धरली तर सहाशे शीट होतात (मुलगा म्हणतो सव्वादोन पुरतात, असो). प्रत्येक शीटमागचा फरक तुम्हीच गुणून पाहा. मी तो गुणाकार तीन रात्री केला, उत्तर दर वेळी वेगळं आलं आणि दर वेळी वाईटच आलं.

कपाटं वेळेवर दिली. त्यासाठी एज बँडिंगचं, म्हणजे कडेला पट्टी मारायचं, मशीन विकलं, त्याचा हप्ता मात्र अजून चालू आहे. अकरा वर्षं असलेला माझा फोरमन, बोर्डावर बोटाने टकटक करून आतून भरीव आहे की पोकळ ते सांगणारा, आज रिक्षा चालवतो. भेटला की अजूनही विचारतो, “शेठ, शुल्क गेलं का?”

तुम्ही म्हणाल, त्या वेळी आपलं म्हणणं का नाही मांडलंत? मांडलं ना! एका परिसंवादात मंचावरून शब्द दिला गेला होता की तपासात वापरणाऱ्यांचंही ऐकलं जाईल. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो. कायद्यातही तसंच लिहिलंय. 1995 च्या अँटी-डंपिंग नियमांतला नियम 6 औद्योगिक वापरकर्त्यांना आणि ग्राहक संघटनांना माहिती देण्याची संधी देतो. ती संधी मी घेतली. प्रश्नावली आली, मुदत तीस दिवस. तुमच्या खर्चात या वस्तूचा वाटा किती, पर्यायी माल कोणता, तीन वर्षांचे आकडे द्या. इंग्रजीत. अशी कामं करणाऱ्या सल्लागाराकडे गेलो, तर त्यांनी सांगितलेली फी माझ्या वर्षभराच्या शिल्लकीपेक्षा जास्त. शेवटी मुलाने आणि मी रात्री जागून भरली.

पुढे निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा पानं उलटून पाहिलं, आपलं काय लिहिलंय ते. आणि काय दिसलं? तारका. सामान्य मूल्य (मालाचा त्यांच्या देशातला भाव) *. निर्यात किंमत *. देशी उद्योगाचा विक्री खर्च *. नफा *. नियम 7 खाली माहिती गोपनीय. कारखान्यांची गुपितं जपावीत हे मला कळतं, मीही माझा भाव शेजारच्या दुकानदाराला सांगत नाही. पण ज्या गणितावर माझ्या शीटचा भाव ठरला, त्यातला एकही आकडा मला दिसत नसेल तर मी हरकत घेऊ कशावर? तारकांवर? ज्योतिषाला तरी निदान पत्रिका दाखवतात. वापरणाऱ्यांवरचा परिणाम मात्र तारकांशिवाय, साध्या शब्दांत लिहिला होता. नगण्य.

नगण्य मंडळींनी मग अपील करावं म्हणे. सीमाशुल्क दर कायदा 1975, कलम 9क (इंग्रजीत 9C). मुदत 90 दिवस, फी पंधरा हजार, सुनावणी अपिलीय न्यायाधिकरणाच्या तीन सदस्यांच्या पीठापुढे, दिल्लीत. पंधरा हजार मी भरीन हो. पण वकील, विमान, हॉटेल, तारीख, पुन्हा तारीख? शुल्काचं आयुष्य पाच वर्षं, मुदतवाढ मिळाली तर आणखी पाच. तोवर निकाल लागलाच तर वरातीमागून घोडं. आणि निकाल बहुधा काय? पुन्हा तपासा. पुन्हा ऐका. ऐकणारा अधिकारी तोवर बदललेला असतो. 2011 साली टायर उत्पादकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की सुनावणी एका अधिकाऱ्यापुढे आणि निष्कर्ष दुसऱ्याच्या सहीने, हे न्यायाला धरून नाही. ज्याने ऐकलं त्यानेच ठरवावं. इतकी साधी गोष्ट गावच्या पंचांनाही कळते. ती देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगेपर्यंत तुमच्या यंत्रणेला ठाऊक नव्हती?

आणि हे एकट्या तुमच्या खात्याचं नाही. तुम्ही शिफारस करता, शुल्क लावायचं की नाही ते अर्थखातं ठरवतं. अलीकडच्या वर्षांत त्या खात्याने बऱ्याच शिफारशी बाजूला ठेवल्या. त्यात माझा फायदाच, तरी मला ते आवडलेलं नाही, कारण कारण न सांगता दिलेला नकार उद्या माझ्यावरही उलटू शकतो. 2021 मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने बजावलं की कारणं द्या, फेरविचार करा. मग सरकारने काय केलं? 2023 च्या वित्त कायद्यात कलम 9क च दुरुस्त केलं, अपील नक्की कशाविरुद्ध चालतं ते नव्याने लिहिलं, आणि दुरुस्ती लागू केली 1 जानेवारी 1995 पासून! अट्ठावीस वर्षांपूर्वी कायद्याला काय म्हणायचं होतं ते अचानक आठवलं. मंत्रीमहोदय, माझं 240 कपाटांचं कोटेशनही मागच्या तारखेपासून दुरुस्त करून मिळेल का?

परदेशी माल तोट्यात विकून इथले कारखाने कोणी बुडवत असेल तर शुल्क लावाच, माझा त्याला विरोध नाही. त्या कारखान्यांना निलगिरी, पॉप्लर, सुबाभूळ विकणारा शेतकरी आहे, तोही जगला पाहिजे. पण 1995 पासून हजारावर तपास सुरू करून भारत जगात पहिला आला आहे, आणि त्या हजारांत वापरणाऱ्याचं ऐकून शुल्क लावलं नाही असे किती, ते एकदा छापा. तारकांशिवाय.

अमेरिकेत वेगळं आहे असंही नाही. चिनी लाकडी फ्लोअरिंगवर त्यांनी 2011 साली शुल्क लावलं, 2017 साली त्याचं भांडण अजून वरच्या कोर्टात चालूच होतं. कॅनडाच्या लाकडावरून तर 1982 पासून जुंपली आहे. 2006 च्या समझोत्यात गोळा झालेल्या सुमारे पाच अब्ज डॉलरपैकी चारेक अब्ज परत दिले. कोणाला? शुल्क भरणाऱ्या कंपन्यांना. ज्याने महाग फळ्या घेऊन घर बांधलं तो तिकडचा माझा भाऊबंद समझोत्यात कुठेच नव्हता. तिथेही ‘आपण’च जिंकले असणार.

आणि लाकूड यायचं तरी कुठून? 1988 च्या वननीतीने उद्योगांना सांगितलं, जंगलाकडे बघू नका, शेतकऱ्याकडून घ्या. 1996 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीवर कडक आदेश दिले, उत्तमच केलं. पण शेतात झाडं लावली तर ती तोडायला परवाना, वाहतुकीला परवाना, कुठल्या राज्यात कुठल्या झाडाला सूट ते वेगळंच पाहायचं. बाहेरून आणलं तर शुल्क. शुल्क धरून जी रक्कम होईल तिच्यावर परत आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), म्हणजे करावर कर. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. मुलगा म्हणतो, बाबा, लोखंडी कपाटं करू. त्याला अजून सांगितलेलं नाही की स्टीलवरही असलीच शुल्कं लागत असतात.

तेव्हा तपास सुरू केल्याच्या दिवशीच भाव चढतो, त्यावर काहीतरी करा. सह्या झालेल्या कामांना सूट द्या. प्रश्नावली मराठीत द्या, निदान दोन पानांची. अपिलाचा निकाल शुल्काच्या आयुष्यात लागेल अशी मुदत कायद्यात घाला. निष्कर्षाला एक वर्ष, वाढवून दीड, अशी मुदत आहेच ना? मग अपिलाला का नाही? आणि शुल्क रद्द झालं तर ज्याच्या बिलातून ते गेलं त्याच्यापर्यंत परत येण्याची वाट काढा. ग्राहक कल्याण निधीत ‘ग्राहक’ नावाचा माणूसही असतो, तो हा असा सहा माणसांचा धंदा चालवतो.

फेरसुनावणीची तारीख लागली की पुन्हा प्रश्नावली येईलच. मी भरीन. या वेळी उत्तरं आताच देऊन ठेवतो, म्हणजे टपालखर्च वाचेल.

वापरकर्त्याची उलाढाल: *
कमी झालेले कामगार: *
एकूण नुकसान: * रुपये

माहिती गोपनीय आहे. नियम 7.

आपला,
एक नगण्य वापरकर्ता