रविवार कुणाचा

लालबाग, मुंबई

ती. बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर काही सांगायला गेले की आई नारळांच्या पाडपावर घसरते आणि बाबा "बरं बरं" म्हणून फोन तिच्या हातात देतात. म्हणून लिहिते आहे.

आमचं सेवा मंडळ एकदाचं उभं राहिलं. संस्था नोंदवायला निदान सात माणसं लागतात. तेवढ्या सह्यांसाठी चाळीचे जिने दोनदा चढले. "कुणाला जामीन नाही ना राहायचं?" असं तीन घरांत विचारलं.

खरी जुंपली ती नावावरून. एकाला देणगीदाराच्या वडिलांचं नाव हवं होतं (देणगी अजून यायचीच आहे). मी म्हटलं, नारायण मेघाजी लोखंडे. "ते कोण?" गिरणगावात राहून हा प्रश्न! पण बाबा, तुम्ही जन्मभर गिरणीत साच्यावर उभे राहिलात, तरी मीही हे नाव घरात ऐकलं नव्हतं. आपल्याकडे गोष्ट सुरू व्हायची ती १९८२च्या गिरणी संपापासून.

मग सांगितलं. फुल्यांच्या सत्यशोधक समाजातला माणूस, १८८०पासून 'दीनबंधू' साप्ताहिक चालवणारा. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना काढली आणि ५,५०० जणांच्या सह्यांचा अर्ज केला: रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, काम करताना जखमी झाल्यास भरपाई. माझ्या सात सह्यांचं मलाच हसू आलं. मालक बधले नाहीत. एप्रिल १८९०मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले, दोन बायकाही बोलल्या. १० जून १८९०ला रविवार मिळाला. लोखंडे १८९७च्या प्लेगात गेले.

नाव एकमताने ठरलं. दर रविवारी आम्ही म्हाडाच्या गिरणी कामगार घरांचे अर्ज आणि म्हाताऱ्यांचे हयातीचे दाखले बघतो. निम्मा वेळ कागद शोधण्यातच जातो.

आई, आता तुझं. बाबांना रविवार सुट्टीचा, पण तुझ्या खाणावळीत जेवणाऱ्या गाळेवाल्यांना त्या दिवशी मटण लागायचं, म्हणजे तू पहाटे चारला पाट्यावर. त्यांना मिळालेला रविवार तुझ्या अंगावर पडला. इथल्या बायकाही रविवारी येईनात, तेव्हा त्यांची बैठक बुधवारी दुपारी ठेवली. सचिव म्हणाला, "मग लोखंड्यांच्या नावाला काय अर्थ?" त्याला म्हटलं, एक रविवार घरच्या पोळ्या लाट, मग बोलू. अजून बोललेला नाही.

बाबा, पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी तुमचा गिरणीचा पास आणि ईएसआयचं कार्ड असेल. दादा मुंबईला निघेल तेव्हा त्याच्याकडे द्या. दुसऱ्यांचे अर्ज भरते आहे, आपलाच राहिलाय.

तुमची,
माई