तीन कार्ब्युरेटर आणि एक पळवाट

प्रिय मित्रा,

फोन केला असता तर तू मध्येच ‘मायलेज किती?’ विचारून सगळी मजा घालवली असतीस. म्हणून पत्र.

डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर १९९५पासून दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची जत्रा भरते. लोक सकाळपासून फुटपाथवर खुर्च्या टाकून बसतात. तिथं एका आजोबांनी १९६४ची पाँटिअ‍ॅक जीटीओ उभी केली होती, बॉनेट उघडं टाकून. मी वाकून बघतोय म्हटल्यावर त्यांनी हौसेनं एअर क्लीनर काढून दाखवले. खाली एका ओळीत तीन कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनाला हवा-पेट्रोलचं मिश्रण पाजणारी तीन तोंडं! एरवी मधला एकटाच राबतो. पाय दाबला की पुढचा-मागचाही उघडतो. ३८९ घनइंच, म्हणजे ६.४ लिटरचं आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन, ३४८ हॉर्सपॉवर. आणि थांबवायला? चारही चाकांना ड्रम ब्रेक! बॉनेटवरच्या हवेच्या खाचाही नुसत्या शोभेच्या.

पण तुला आवडेल ती हिच्या जन्माची भानगड. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा पाँटिअ‍ॅकच्या मालक कंपनीचा, जनरल मोटर्सचा, दंडक होता. त्यात १९६३च्या सुरुवातीला कंपनीनं रेसिंगही बंद करून टाकलं. पाँटिअ‍ॅकचा मुख्य इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्याच्या माणसांनी बघितलं, की आपलं ३२६चं आणि ३८९चं इंजिन बाहेरून एकाच मापाचं. कापाकापी न करता मोठं लहानाच्या जागी बसतं. राहता राहिला नियम. तो नव्या मॉडेलला लागू होता, जादा पैसे मोजून घ्यायच्या ऑप्शनला नाही! मग टेम्पेस्ट या आपल्या मध्यम आकाराच्या गाडीवर सुमारे २९५ डॉलरचं ‘ऑप्शन पॅकेज’ म्हणून जीटीओ विकायला काढली. वरच्या साहेबांना पत्ता लागेपर्यंत डीलरांच्या ऑर्डरी येऊन पडल्या होत्या. नावसुद्धा फेरारीचं उचललेलं, बेधडक. पाच हजार खपतील असा विक्री खात्याचा अंदाज. पहिल्याच वर्षी ३२,४५० गेल्या. ऑडिटवाल्यांना गुंडाळणारे आपल्याकडचेही यांच्यापुढे कच्चेच.

पुढं विम्याचे हप्ते, धुराचे कायदे आणि १९७३ची तेलटंचाई यांनी असल्या दांडग्या गाड्यांचा हा सगळा खेळ आटोपला, ते तुला ठाऊकच आहे.

आजोबांनी चावी फिरवली. आधी खोकल्यासारखं काहीतरी, मग छातीत जाणवणारी धडधड. त्यांनी अ‍ॅक्सिलरेटरला नुसता टिचका दिला, तर उभी गाडी एका अंगावर झुकली, पैलवानानं खांदा टाकावा तशी. मला तुझी यझदी आठवली. सायलेन्सरमधला आवाज दाबणारा बॅफल काढून गल्लीतून पहिल्यांदा नेलीस, तेव्हा काकांनी गॅलरीतून मारलेली हाकसुद्धा ऐकू आली नव्हती तुला. गंमत बघ, मी इथं पोटापाण्याला गाड्यांचा आवाज कमी करायचं काम करतो.

घरी आलो तर शर्टाला पेट्रोलचा सणसणीत वास. ही म्हणाली, तो आत आणू नकोस. गराजमध्ये खिळ्याला अडकवलाय. अजून धुतलेला नाही.

तुझाच,
डेट्रॉइटकर